शांघायहून आई-बाबांना

तीर्थरूप आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी मी फोनवर "सगळे ठीक आहे" म्हणाले, तेव्हा आईने तोच प्रश्न दोनदा विचारला. तिला आवाजावरून कळले असणार. बोलता बोलता रडू आले असते आणि निम्मे सांगायचे राहून गेले असते, म्हणून लिहिते आहे. बाबा, हे तुम्हीही वाचायचे आहे. बायकांचे दुखणे म्हणून पत्र आईकडे सरकवू नका.

एप्रिलमध्ये नेहमीच्या तपासणीत माझ्या गर्भाशयमुखावर एचपीव्ही हा विषाणू सापडला, त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार. मग कॉल्पोस्कोपी झाली, म्हणजे भिंगातून ती जागा नीट पाहिली, आणि संशय वाटला तिथले बारीक तुकडे तपासायला पाठवले. अहवालात ‘सीआयएन २’ असे आले. आई, हा कर्करोग नाही. पेशी बिघडू लागल्या आहेत, पण त्यांनी आपला थर ओलांडलेला नाही, अशी ही अवस्था आहे. ती कधी आपोआप निवळते. पण निवळली नाही आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर काही वर्षांनी तिथेच कर्करोग होऊ शकतो. गर्भाशयमुखाच्या दर १० कर्करोगांपैकी सुमारे ७ या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतात, त्यामुळे नुसती वाट पाहायला माझे मन तयार नव्हते.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत निघूनही जातो. काहींमध्ये मात्र तो वर्षानुवर्षे काही न जाणवता राहतो. म्हणून तो मला केव्हा आणि कोणाकडून आला हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि तुमच्या जावयांकडे किंवा माझ्याकडे बोट दाखवण्यासारखे यात काहीही नाही. एवढे वाक्य तुम्ही दोघांनी माझ्यासाठी पुन्हा एकदा वाचा.

आपल्याकडे ‘पिशवीचा त्रास’ म्हटले की पिशवी काढून टाकलेल्या बायकाच आईच्या डोळ्यांसमोर येतात, हे मला ठाऊक आहे. या अवस्थेत तसे काही करावे लागत नाही. नेहमीचा उपाय म्हणजे विजेवर चालणाऱ्या बारीक तारेच्या वेढ्याने तेवढा भाग कापून काढणे. तो भरवशाचा उपाय आहे आणि काढलेला भाग पुन्हा तपासता येतो, हा त्याचा मोठा फायदा. पण गर्भाशयमुखाचा तो तुकडा कायमचा जातो, आणि पुढे दिवस राहिले तर बाळ वेळेआधी जन्मण्याचा धोका काहीसा वाढतो. आम्हाला मूल हवे आहे. म्हणून डॉक्टरांनी प्रकाशाच्या उपचाराचा पर्याय सुचवला, तेव्हा मी तो घेतला.

बाबा, आत्याच्या हातावरच्या कोडाला आजी बावचीचे तेल लावून तिला कोवळ्या उन्हात बसवायची, ते आठवते ना? औषध लावायचे आणि उजेडाने ते जागे करायचे, ही कल्पना तीच; इथले औषध आणि त्याचे काम मात्र निराळे. त्याचे नाव अमिनोलेव्हुलिनिक आम्ल. रक्तातल्या हिमोग्लोबिनसाठी लागणारे हीम बनवताना आपले शरीरही हे आम्ल तयार करतेच. बाहेरून ते भरपूर पुरवले की बिघडलेल्या पेशींत त्यापासून बनणारे पॉर्फिरिन नावाचे द्रव्य निरोगी पेशींपेक्षा जास्त साठते. मग ६३५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकला, की ते पॉर्फिरिन पेशीतल्या ऑक्सिजनला इतके तीव्र रूप देते की ती पेशी जागीच मरते. या विषाणूला थेट मारणारे औषध अजून नाही; पण त्याचे घर असलेल्या पेशीच गेल्या, तर त्यालाही जागा उरत नाही.

प्रत्यक्षात औषधात भिजवलेला कापूस गर्भाशयमुखाला आणि आतल्या नळीला लावून ठेवला आणि मी सुमारे तीन तास कुशीवर पडून राहिले. तुमचे जावई बाहेर बसून होते. नंतर डॉक्टरांनी जांभळा प्रकाश टाकून मला पडद्यावर दाखवले. सगळीकडे निळसर अंधार आणि एका कडेला, तुळशीच्या पानाएवढी जागा, निखाऱ्यासारखी लाल चमकत होती. आजार आपल्या डोळ्यांनी पाहिला, त्या क्षणी माझी भीती निम्मी झाली. मग अर्धा तास लाल दिवा. पाळीत दुखते तसे ओटीपोटात दुखले, थोडी आग झाली आणि पुढचे काही दिवस पाण्यासारखा स्राव होता. टाका नाही, भूल नाही. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने असे तीन वेळा झाले.

हा उपचार सर्वांसाठी नाही, हेही सांगते. लाल प्रकाश काही मिलिमीटरच आत पोहोचतो. त्यामुळे बिघाडाची संपूर्ण कड दिसत असेल, आतल्या नळीत काही नसेल आणि कर्करोग नाही याची खात्री आधी झाली असेल, तरच तो करतात. चीनमध्ये तो बराच रुळला आहे, पण पुष्कळ देशांत नेहमीच्या उपचारांत अजून त्याला स्थान नाही. तो कधी अपुराही पडतो. तसे झाले तर मी कापून काढण्याचा उपाय निमूटपणे करून घेईन.

आई, आता तुझ्याविषयी. २००१ साली आरोग्यसेविका आपल्या घरी आल्या होत्या आणि तू गावातल्या बायकांबरोबर तपासणीला गेली होतीस. मी दारात रडत उभी होते. आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला तो अभ्यास आज जगभर सांगितला जातो. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या, आणि एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ साली प्रसिद्ध झाले. पण तू त्यानंतर एकदाही गेली नाहीस. तेव्हाची तपासणी आजवर पुरत नाही.

माझी सहा महिन्यांनंतरची तपासणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्याच आठवड्यात बाबांनी तुला बार्शीला घेऊन जावे, एवढे मागते. दोघींचे अहवाल आले की बाबा, तुमच्या त्या निळ्या फाइलमध्ये एकापाठोपाठ एक लावून ठेवा.

तुमची,
धाकटी