गाडी काय बोलते ते आधी ऐक

डिचोली

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

काल वेर्ण्याहून तुझा फोन आला, गाडी चालू होत नाही म्हणून. मी "आवाज कसला येतो?" विचारलं, तर तू चिडलीस. अगं, निम्मं निदान त्या आवाजातच असतं.

चार जणांनी धक्का मारल्यावर ती चालू झाली, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठीक आहे. राहिले बॅटरी, टर्मिनल म्हणजे वायर जोडतात ती बॅटरीची टोकं, आणि स्टार्टर म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. चावी फिरवल्यावर भराभर टक-टक-टक होऊन दिवे मंदावले, तर बॅटरीला ताकद पुरत नाही. एकच 'टक' आणि दिवे लख्ख, तर स्टार्टरवर संशय घे. पण आधी बॉनेट उघडून टर्मिनल हलवून बघ. त्यावर पांढरी-हिरवी पूड धरते, क्लॅम्प सैल होतो. मागे मी हे न बघताच नवी बॅटरी आणली आणि गाडी ढिम्म! शेवटी दहा नंबरच्या पान्याने नट आवळला. तुझी आई अजून त्या पैशांचा हिशोब मागते.

मल्टिमीटर मिळाला तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी माप. साधारण 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास आकडा हवा. तो 12 वरच राहिला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र, बॅटरी चार्ज करत नाही, मग नवी बॅटरीही उतरेल.

कधी इंजिन नेहमीसारखं गरगरेल पण पकडणार नाही. तेव्हा चावी ऑन करून मागच्या सीटकडे कान दे; टाकीतल्या पेट्रोल पंपाची दोनेक सेकंद घूं येत नसेल तर फ्यूज बघ. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघ, पावसात ते इंजिनात ऊब शोधतात.

आणि तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही! सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टोचन करूनच गॅरेजला ने.

बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करायची जंपर केबल डिकीत स्टेपनीखाली आहे. लाल टोकं दोन्ही प्लसना. काळं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला, दुसरं तुझ्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

चवथीला आलीस की टर्मिनल मी गरम पाण्याने आणि सोड्याने साफ करून देतो. परत जाताना आई डिकीत नारळ भरणारच, केबल तेवढी वर काढून ठेव.

तुझा,
पप्पा