पायपेटीत रीड वाढवण्याआधी भाता बघा

संपादक महोदय,

नाट्यसंगीताची जुनी पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची पेटी, दुरुस्तीला काढली की बहुतेकांची पहिली मागणी ‘खर्जाच्या रीडचा आणखी एक संच बसवा’ ही असते. रीड म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी पितळी जीभ. संच वाढला की दर पट्टीला हवा जास्त लागते. भाता तोच राहिला तर चार पट्ट्या एकदम दाबताच आवाज बसतो. चर्चमधल्या पाइप ऑर्गनचंही हेच, नळ्या वाढवायच्या तर आधी हवेची सोय.

पेडल मारून भाता ताणा, पाय काढा, एकही पट्टी दाबू नका. लगेच सैल पडला तर गळती आहे. कापड बहुधा घडीच्या कोपऱ्यात चिरतं. तिथे ठिगळ टिकत नाही; ओल्या गरम फडक्याने जुना सरस सोडवून सगळं कापड बदला.

रीड फुरफुरली की कानस उचलू नका! आधी जिभेखालून पातळ कागद सरकवा, अनेकदा नुसती धूळच असते. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.

पावसाळ्यात पट्ट्या अडकतात म्हणून रंधाही मारू नये. दिवाळीपर्यंत लाकूड सुकतं, मग त्याच पट्ट्या खडखडतात.

— पेटी दुरुस्त करणारे, लष्कर, ग्वाल्हेर