गोळाभात आणि एका वाटीबद्दल काकूंना पत्र

आदरणीय काकूंस,
सादर नमस्कार.

तुम्ही नागपूरला मुलाकडे राहायला गेलात तेव्हापासून तुमच्या अंगणाचे फाटक बंद आहे आणि तुमची पितळी वाटी माझ्या स्वयंपाकघरात आहे. आभाराचे हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण तुम्ही मला जे शिकवले ते एकच पदार्थ पुन्हा पुन्हा करून पाहणाऱ्या आणि दर वेळी तो वेगळाच का होतो या कोड्यात पडणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.

माझे माहेर अकोल्याकडचे. आमच्याकडे ज्वारीची भाकरी रोजची आणि भात बहुधा पाहुणे आले म्हणजे. लग्न होऊन मी नागभीड तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा झुणका, अंबाडीची भाजी, रोडगे, वांग्याची भाजी हे सारे मला येत होते. गोळाभात, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचे गोळे घालून शिजवलेला भात, मात्र मी केवळ खाल्लेला होता. धानाच्या या मुलखात तो सर्वांनाच येतो असे गृहीत धरलेले असल्यामुळे कोणी शिकवतही नाही. पहिल्यांदा केला तेव्हा गोळे भातात विरघळले आणि पातेल्यात पिवळी खिचडी झाली. दुसऱ्यांदा ते इतके टणक झाले की सासऱ्यांनी एक गोळा बोटांनी कुस्करायचा प्रयत्न केला आणि न बोलता ताटाच्या कडेला ठेवला. त्या न बोलण्याचे मला फार वाईट वाटले होते.

तिसऱ्या वेळी मी चिडून सगळेच बदलले: बेसनाऐवजी डाळीचा रवाळ भरडा घेतला, मोहन दुप्पट केले, पाणी कमी केले आणि गोळे घालण्याची वेळही पुढे ढकलली. भात चांगला झाला. मी आनंदाने तुमच्याकडे वाटीभर घेऊन आले, तेव्हा तुम्ही खाऊन आधी मान हलवलीत आणि मग विचारलेत की कशाने सुधारला. मला सांगता आले नाही. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी त्याच रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले: "एका बारीले एकच गोष्ट बदलवजो माय, नाही तं कायनं सुधरलं ते समजत नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती वाटी आणून दिलीत. माझ्याकडे तोपर्यंत मापाला कधी चहाचा कप, कधी स्टीलची वाटी, कधी नुसती मूठ असे, आणि तरीही मी कृतीलाच दोष देत होते. डाळ, तांदूळ, पाणी सारे याच वाटीने मोजायचे, एवढीच तुमची अट होती. अंदाजाने करणाऱ्या बायकांच्या हाताला चव असते असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, पण तुम्हाला जवळून पाहिल्यावर मला ते पुरेसे वाटत नाही. तुमचा अंदाज म्हणजे चाळीस वर्षे एकाच वाटीने मोजल्यावर बोटांत उतरलेले माप होते. वाटीशिवाय घातलेले तुमचे पाणीही मी दोनदा मोजून पाहिले आहे आणि त्यात चमचाभरापेक्षा अधिक फरक पडला नाही.

मग आपण एकेक गोष्ट तपासत गेलो. आधी डाळ. हरभऱ्याचे बारीक बेसन पाणी लागताच चिकट होते, गोळ्याचा बाहेरचा थर बंद होतो आणि वाफ आत शिरत नाही. जात्यावर रवाळ भरडलेल्या डाळीत कणाकणांमध्ये जागा राहते, त्यामुळे गोळा आतपर्यंत शिजतो. हे कळायला मला एकाच दिवशी दोन पातेली लावावी लागली. त्यानंतर मोहन. एका वाटी भरड्याला तीन चमचे तेल चांगले कडकडीत तापवून घातले की ते कणांवर चढते आणि पाणी लागल्यावरही कण एकमेकांना घट्ट धरत नाहीत. तेच तेल कोमट घातले त्या दिवशी गोळा कुस्करला गेला नाही, तुकडे पडले. गोळा हातात दाबून लाडवासारखा गुळगुळीत वळायचा नाही, नुसता धरून ठेवायचा, हे तुम्ही माझे बोट धरून दाखवलेत. तिखट भिवापूरच्या मिरचीचे, हळद वायगावची, हिंग, जिरे, मीठ. यात आपण काही बदलले नाही, कारण बिघाड तिथे नव्हताच.

सर्वांत जास्त दिवस लागले ते गोळे घालण्याच्या वेळेला. पाणी वर दिसत असताना घातले तर ते फुटतात आणि पूर्ण आटल्यावर घातले तर कोरडे राहतात. भाताच्या पृष्ठभागावर लहान लहान खड्डे पडू लागतात, त्यांतून वाफेचे बुडबुडे येतात आणि पाणी डोळ्यांना दिसत नाही पण पळी टोचल्यावर तळाशी असते, तीच वेळ. तुम्ही चुलीवर करत होतात आणि झाकणावर निखारे ठेवत होतात, त्यामुळे गोळ्यांना वरूनही धग मिळे. माझ्याकडे गॅस. आच थोडी जास्त झाली की तळ करपे आणि गोळे मात्र कच्चे राहत. जाड बुडाचे पातेले आणि त्याखाली लोखंडी तवा हा उपाय मी शोधला, तो यशस्वी झाला तेव्हा तुम्ही माझ्या सासूबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलात, याचे सुख मी विसरणार नाही.

आणि मग मार्गशीर्षात सारे पुन्हा फसले. तीच वाटी, तोच भरडा, तेच मोहन, आणि भाताचा लगदा. मी रडवेली होऊन आले, तेव्हा तुम्ही कोठीतला तांदूळ मुठीत घेऊन दाखवलात: धान नुकतेच भरडून आणलेले होते. नवा तांदूळ पाणी कमी शोषतो आणि चिकट होतो, जुना कडक असतो आणि अधिक पाणी पितो, हे मला ठाऊक असायला हवे होते. वही काढली तर मागच्या सगळ्या नोंदी जुन्या एचएमटी तांदळाच्या निघाल्या. जुन्याला वाटीस अडीच वाट्या पाणी घालत होते, ते नव्याला दोन वाट्यांवर आणले. बाकी काहीही हलवले नाही, आणि भात मोकळा झाला.

एचएमटीचा विषय निघाला की तुम्ही आपल्या तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्याबद्दल आदराने बोलत होतात. १९८३ मध्ये त्यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या मोजक्या लोंब्या बाजूला काढल्या आणि त्यांचेच बी पुन्हा पुन्हा पेरून, निवडून हे वाण तयार केले. ते २०१८ मध्ये गेले. आम्ही रोज जो दाणा शिजवतो तोही असा हंगामामागून हंगाम पारखून निघालेला आहे, हे तुमच्यामुळे माझ्या लक्षात आले.

एका बाबतीत मी तुमच्याशी अजूनही सहमत नाही. उन्हाळ्यात मी भरड्यात दोन चमचे आंबट ताक घालते आणि तेवढे पाणी कमी करते. तुम्हाला ते मान्य नव्हते; पण मे महिन्यात तुम्ही तो भात जेवलात, फोडणीच्या तेलासाठी दुसऱ्यांदा ताट पुढे केलेत आणि ताकाबद्दल काहीही बोलला नाहीत. मी ती नोंद तारखेसह ठेवली आहे.

या सगळ्यात तुम्ही एकदाही माझ्या हातातली पळी घेतली नाहीत, याबद्दल मी विशेष ऋणी आहे. तुमच्यासारख्या जाणत्या बाईला दहा मिनिटांत स्वतः करून दाखवणे सोपे होते. तुम्ही उंबऱ्यात बसून विचारत राहिलात: पाणी कधी आटले, झाकण किती वेळा उघडले, तेलातून धूर आला होता का. त्या प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून मी पातेल्याकडे नीट पाहायला शिकले.

सासरे आता गोळा कुस्करतात, त्यावर मोहरी-मिरचीचे तेल घेतात आणि चिंचेच्या साराबरोबर दोनदा भात मागतात. यंदाचे धान परवा भरडून आले आहे. येत्या रविवारी दोन वाट्यांऐवजी पावणेदोन वाट्या पाणी घालून पाहणार आहे, कारण या वर्षीचा तांदूळ हाताला अधिक ओलसर लागतो. कसा झाला ते कळवीन. वाटी मात्र इतक्यात मागू नका.

तुमची,
शेजारची सून