काठ्या काढून घेतल्याबद्दल आभार

आदरणीय प्रशिक्षक,

हे पत्र मराठीत लिहितेय, तुम्हाला नंतर वाचून दाखवेनच. क्रॉस-कंट्री स्कीइंगचं तंत्र उन्हाळ्यात, डांबरी रस्त्यावर पक्कं होतं, हे माझ्या माणसांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

ऑस्लोभोवतीचा बर्फ वितळला, की तुम्ही आम्हा प्रौढ नवशिक्यांना रोलरस्कीवर, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या चाकांच्या स्कीवर, उभं करता. सुरुवात सुरक्षिततेपासून. रोलरस्कीला सहसा ब्रेक नसतात, म्हणून हेल्मेट हवंच, आणि ज्याच्या पायथ्याशी लांब सपाट रस्ता नाही, त्या उतारावर जायचं नाही.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती चाकाची गोष्ट. क्लासिक, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून चालायच्या शैलीच्या, रोलरस्कीचं एक चाक मागे फिरतच नाही. त्यामुळे पाय उशिरा दाबला, अर्धवट दाबला, तरी पकड मिळते. बर्फावर तसं चालत नाही. तिथे स्कीच्या मधल्या भागाला लावलेलं ग्रिप वॅक्स बर्फाला टेकावं लागतं, आणि त्यासाठी अंगाचं सगळं वजन नेमक्या क्षणी त्याच पायावर यावं लागतं. नाहीतर स्की मागे सटकते. हे समजावून तुम्ही आमच्या हातातल्या काठ्याच काढून घेतल्यात! काठीचा आधार गेला आणि शरीर आपोआप एका पायावर तोल शोधू लागलं. नाक, गुडघा, पायाची बोटं एका रेषेत, हे तुम्ही किती शांतपणे, किती वेळा सांगितलंत.

डबल पोलिंग, म्हणजे दोन्ही काठ्या एकदम टेकवून पुढे जाणं, तेही तसंच. हातांनी ओढायचं नाही. टाचा किंचित उचलून पुढे झुकायचं, अंगाचा भार काठ्यांवर सोडायचा, पोटाच्या स्नायूंनी दाबायचं, हातांचं काम शेवटी. डांबरावर माझ्या काठ्यांची टोकं घसरताना पाहून तुम्ही खिशातून हिऱ्याची कानस काढलीत आणि स्वतः धार लावून दिलीत. पावसाच्या दिवशी स्की बाजूला ठेवून नुसत्या काठ्या घेऊन डोंगर चढवलात. सह्याद्रीत वाढलेल्या माझ्या पायांना तेवढं मात्र लगेच जमलं.

हिवाळ्यात ऑस्लोजवळच्या नूरमार्का जंगलातल्या चढावर माझी स्की धरून राहिली. शेजारून लोक पाय फाकवून चढत होते आणि मी सरळ ट्रॅकमधून वर जात होते. त्या आनंदाचं श्रेय तुमचं आहे.

नोकरी सांभाळून, एक क्रोनही न घेता, तुम्ही संध्याकाळ आम्हाला देता. इथले क्लब अशाच माणसांवर उभे आहेत, हे मला तुमच्यामुळे कळलं.

आता बिर्केबाइनर ही स्की शर्यत करायची इच्छा आहे. रेना ते लिलेहामर, 54 किलोमीटर, पाठीवर 3.5 किलोंची पिशवी. त्यासाठी या उन्हाळ्यात लांब आणि संथ अंतरं कापायला हवीत, असं तुम्ही म्हणालात. मी तयार आहे. पिशवी कधीपासून पाठीवर घ्यायची, तेवढं सांगा.

तुमची कृतज्ञ,
गटातली मराठी विद्यार्थिनी