काकू, आता तरी विषय बदलू नका

प्रिय काकू,
सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं ते राहू दे, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढलास का" म्हणून विषय बदलता, समोर बोलायला गेलं तर हातात चहाचा कप देता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं आणि तेही सगळ्यांना दिसेल असं, म्हणजे तुम्हाला पळता येणार नाही. शिवाय आपल्या मंडळात दर निवडणुकीच्या वर्षी कोणीतरी म्हणतंच की इथे मिनेसोटातल्या राजकारणात आपल्याला विचारतं कोण, आपण मत द्यावं आणि गप बसावं. त्यांनीही वाचू दे.

माझी सिटिझनशिपची ओथ झाली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, केक आणला, तुम्ही मात्र विचारलंत, "६ फेब्रुवारीला मंगळवार आहे, संध्याकाळी काय करतेयस?" २०१८ चा कॉकस होता तो, म्हणजे पक्षाची वस्तीपातळीवरची सभा. मला कॉकस म्हणजे आयोवा, टीव्हीवरचे रंगीत नकाशे आणि राष्ट्राध्यक्ष, एवढंच माहीत. तुम्ही सांगितलंत की २०१६ च्या १ मार्चला मिनेसोटातही राष्ट्राध्यक्षांसाठी कॉकस झाला, इतकी गर्दी उसळली की काही ठिकाणी मतपत्रिका संपल्या आणि लोकांनी कागदाच्या कपट्यांवर नावं लिहिली, मग विधिमंडळाने राष्ट्राध्यक्षपदापुरती प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, आणली, ती २०२० पासून. पण कॉकस काही गेला नाही. गव्हर्नरपासून स्थानिक आमदारापर्यंत पक्षाचा पाठिंबा कोणाला हे ठरवणारे डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, तिथूनच वर जातात, पक्षाच्या जाहीरनाम्यातले ठरावही तिथूनच निघतात. आणि पक्ष म्हणजे आपला डीएफएल, डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर, कारण इथे डेमोक्रॅट नुसते डेमोक्रॅट नाहीत, १९४४ मध्ये फार्मर-लेबर पक्षाशी एकत्र आले ते तेच लांबलचक नाव अजून लावतात.

माझे बाबा तालुक्याला पक्षाचं काम करायचे, म्हणजे सभेच्या आधी सतरंज्या घालायच्या आणि नंतर उचलायच्या. तिकीट कोणाला ते मुंबईत ठरायचं आणि एबी फॉर्म शेवटच्या दिवशी कोणाच्या हातात पडेल ते देवालाच माहीत. हे मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात, म्हणालात, "खुर्च्या इथेही आपणच लावतो गं, फक्त लावल्यावर त्यांच्यावर बसून मतही देतो."

मग मी सबबी काढल्या. ऑफिस? तुम्ही कायदाच दाखवलात, दहा दिवस आधी लेखी कळवलं की कॉकसला जायला सुट्टी द्यावीच लागते, फार तर तेवढ्या वेळाचा पगार कापतील. मुलीच्या शाळेत काही असेल तर? नसेल, म्हणालात, कॉकसच्या संध्याकाळी सहानंतर सरकारी शाळा कार्यक्रम ठेवत नाहीत, तेही कायद्यातच आहे. सबबी संपल्या.

त्या संध्याकाळची थंडी विचारू नका. मिडल स्कूलची एक वर्गखोली आपल्या प्रिसिंक्टला, म्हणजे मतदान विभागाला, मिळालेली, भिंतीवर पोरांनी केलेले ज्वालामुखीचे तक्ते, आणि सभा चालवणाऱ्या कन्व्हिनर म्हणून तुम्ही समोर, साडीवर जाडजूड पार्का. तुमची ती कापडी पिशवी मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली. जाड मार्कर, चिकटपट्टी, क्लिपबोर्ड, कॅल्क्युलेटर, जास्तीची पेनं, चष्म्याची जास्तीची जोडी आणि पक्षाच्या नियमांची प्रत, जिच्या कडांना इतके रंगीत कागद चिकटवलेले की ती मिटतच नव्हती.

मी ठराव नेला होता, रस्त्यावर टाकतात त्या मिठाबद्दल. राज्याची प्रदूषण नियंत्रण एजन्सीच सांगते की एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करतं आणि आपण दर हिवाळ्यात टनावारी टाकतो, ते सगळं वितळून तळ्यांत जातं. माझा मजकूर पानभर. तुम्ही कार पार्क केल्या केल्या, आतला दिवा लावून, पेन्सिलने त्याच्या दोन ओळी केल्यात आणि वर म्हणालात, "बर्फावर घसरून पडलेलं कोणीतरी खोलीत असणारच, त्याचं उत्तर आत्ताच तयार ठेव." आणि अगदी तसंच झालं की! एक आजोबा उठले, बायकोचा खुबा मोडला होता म्हणाले, मीठ कमी करून आम्ही काय करायचं. मी तयार होते. मीठ बंद करा असं नाहीये, ते टाकणाऱ्या कंत्राटदारांना नीट प्रशिक्षण द्या, एवढंच मागणं आहे, असं म्हटलं, मग आजोबांनीच दुरुस्ती सुचवली, हात वर झाले आणि ठराव पास. वर जाऊन पुढे त्याचं काय झालं हा वेगळा विषय आहे, ठराव वर जाताना अर्धे गळतात हेही तुम्ही आधीच सांगितलं होतंत.

डेलिगेट निवडायची वेळ आली तेव्हा मला धडकी भरलेली, म्हटलं आता भाषण करावं लागणार. तर आपल्या प्रिसिंक्टला जागा जास्त आणि खोलीत माणसं कमी, ज्याने हात वर केला तो डेलिगेट! मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हळूच म्हणालात, "इथवर सोपं असतं. खरी चाळणी पुढच्या कन्व्हेन्शनला," म्हणजे पक्षाच्या वरच्या पातळीच्या मेळाव्याला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. त्या वर्षी गव्हर्नरपदासाठी पक्षातल्या इच्छुकांत तुम्ही एरिन मर्फींच्या बाजूच्या, मी टिम वॉल्झच्या. कॉकसच्या स्ट्रॉ पोलमध्ये, म्हणजे नुसता कल बघायच्या मतदानात, राज्यभरात वॉल्झ पहिले आले होते, साधारण ३० टक्के, रेबेका ऑटो दुसऱ्या, मर्फी त्यांच्याही मागे. पण स्ट्रॉ पोल कोणाला बांधील नसतो, खरा खेळ डेलिगेटांचा. तुम्हाला हे पक्कं ठाऊक होतं की मी वर गेले तर तुमच्या उमेदवाराविरुद्ध मत देणार. तरी सेनेट डिस्ट्रिक्ट कन्व्हेन्शनच्या आधी मला किचन टेबलाशी बसवून, समोर शेंगदाणे मांडून, वॉकिंग सबकॉकसचं सगळं गणित शिकवलंत.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कोणीही माईकवर जाऊन आपल्या गटाचं नाव जाहीर करतो, उमेदवाराचं, प्रश्नाचं, किंवा दोन्ही जोडून. मग सगळा हॉल उठतो आणि चालत आपापल्या पाटीखाली जाऊन उभा राहतो. समजा हॉलमध्ये २४० माणसं आहेत आणि वर पाठवायचेत १२ डेलिगेट, तर एका डेलिगेटला २० माणसं लागतात. १७ असाल तर गट बाद, दुसऱ्या कोणात मिसळा. २५ असाल तरी डेलिगेट एकच, वरचे पाच जण हाताशी असून उपयोगाचे नाहीत, त्यांना दुसऱ्या गटात पाठवून तिथलं पारडं जड करायचं की आणखी माणसं ओढून आपली बेरीज वाढवायची, हे दहा-पंधरा मिनिटांत ठरवायचं, तेही भयंकर गोंगाटात, एकीकडे चेअर वेळ संपत आल्याचं ओरडतोय, दुसरीकडे कोणीतरी खुर्चीवर चढून "आम्हाला तीन हवेत, तीन!" करतंय. तुमचे शेंगदाणे शेवटी आम्ही खाऊन टाकले पण आकडे डोक्यात बसले.

आणि प्रत्यक्षात आमचा गट कमीच पडला. वॉल्झ आणि शाळा असं नाव होतं आमचं, मोठा वॉल्झ गट पलीकडे वेगळा होता पण त्यांचे डेलिगेट आधीच ठरल्यासारखे होते, आम्हा नवख्यांना तिथे कोण घेणार. सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे. तेवढ्यात तुम्ही तुमच्या मर्फी गटातून आलात, माझ्या कानाशी लागून म्हणालात, "खिडकीपाशी तळीवाले उभे आहेत, त्यांचा कोणी उमेदवार नाही, तेही कमी पडतायत. तुझा मिठाचा ठराव सांग त्यांना. पळ." आणि परत आपल्या गटात जाऊन उभ्या राहिलात, जसं काही झालंच नाही. मी पळाले. मीठ, तळी, शाळा, वॉल्झ, जे सुचलं ते बोलले. ते आले. पाटीवर मार्करने "आणि तळी" असं लिहिलं, आणि तो मार्करही तुमच्याच पिशवीतला.

तुमच्या गटातल्या एका बाईंनी तुम्हाला नंतर विचारलंच, विरोधकांना का मदत केलीत. तुमचं उत्तर मी ऐकलं: "ते विरोधक नाहीत, नोव्हेंबरमध्ये दारोदार जायला मला तीच माणसं लागणार आहेत." मला वाटतं की इतकी वर्षं स्थानिक पक्षात टिकून राहिलेली माणसं अशीच असतात, हिशेबी आणि मोकळी, दोन्ही एकदम. गटबाजी मी इथेही भरपूर पाहिली, उगाच गोड लिहायचं नाहीये मला, चिडकी माणसं, नियमांची पुस्तकं एकमेकांवर आपटणारी माणसं, सगळी असतात.

मी निवडले गेले ती अल्टरनेट, म्हणजे राखीव डेलिगेट म्हणून. जूनच्या सुरुवातीला रॉचेस्टरच्या स्टेट कन्व्हेन्शनला गेलो आपण एकाच गाडीत, मागच्या काचेला एका बाजूला मर्फी, दुसऱ्या बाजूला वॉल्झ. वाटेभर तुम्ही १९९० सांगत होतात, पॉल वेलस्टोन, कार्लटन कॉलेजचा प्रोफेसर, हिरव्या स्कूल बसमधून राज्यभर फिरला आणि गडगंज पैसेवाल्या सिनेटरला हरवलं, तुमचं पहिलं व्हॉलंटियरिंग तेच, इंग्रजी बोलायची भीती वाटायची म्हणून पाकिटं चिकटवायचं काम मागून घेतलं होतंत. २००२ च्या विमान अपघाताशी आलात आणि पुढे बराच वेळ काही बोललाच नाहीत.

आमच्यातला एक डेलिगेट मध्येच घरी गेला म्हणून मला बसायला मिळालं. पाठिंब्याला ६० टक्के लागतात, म्हणून फेरीवर फेरी, मत चालू असताना फ्लोअर फ्रीझ, कोणी आत नाही कोणी बाहेर नाही, पोटात कावळे ओरडतायत. आणि तुम्ही मर्फीच्या रांगेतून वॉल्झच्या रांगेत दशम्या आणि तिळाची चटणी पोचवताय, माझ्या शेजारच्या ड्युलुथच्या माणसाने तीन खाल्ल्या आणि हे कुठे मिळतं विचारत बसला. सहाव्या फेरीत मर्फी जिंकल्या. तुम्ही नाचलात, आणि मग माझं तोंड बघून मला मिठी मारलीत.

पण पाठिंबा म्हणजे उमेदवारी नव्हे, वॉल्झ प्रायमरीला उभे राहिलेच आणि १४ ऑगस्टला जिंकले, मर्फी दुसऱ्या. मला वाटलं काकू आता महिनाभर बोलायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन: "वॉल्झचं लिट कुठून उचलायचं?" लिट म्हणजे प्रचाराची पत्रकं. नोव्हेंबरपर्यंत आपण दोघी दारोदार. मेलबॉक्समध्ये काही टाकायचं नाही, ती फक्त पोस्टाची असते, लॉन तुडवायचं नाही, कुत्रा भुंकला की दोन पायऱ्या खाली उतरून उभं राहायचं, हे सगळं तुमचंच. २०२४ मध्ये वॉल्झ उपराष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा पुण्याहून बहिणीने विचारलं, हा कोण गं तुमच्याकडचा? मी तिला आधी तुमच्याबद्दल सांगितलं.

आता तुम्ही लेकीकडे टेक्सासला चाललात. प्रिसिंक्टचं काम माझ्याकडे आलंय आणि पिशवीही, तिची शिवण उसवलीये तेवढी मी घालून घेते. तिथेही मार्चच्या प्रायमरीनंतर सेनेट डिस्ट्रिक्ट आणि काउंटी कन्व्हेन्शन असतात, ती तुम्ही शोधून काढालच. फक्त एक, टेक्सासमध्ये निवडणुकीच्या ३० दिवस आधी मतदार म्हणून रजिस्टर व्हावं लागतं, आपल्या मिनेसोटासारखं त्याच दिवशी जाऊन चालत नाही, फोटो आयडी पण लागतो. तर खोकी उघडायच्या आधी तो फॉर्म भरा आणि भरलात की मला कळवा, नाहीतर मी रोज फोन करीन.

खूप खूप आभार, काकू. काकांना नमस्कार.

तुमची,
मीठवाली