माळावरच्या घुबडांना उठवू नका

माननीय संपादक,

हिवाळ्यात शाळू निसवू लागला की सासवड आणि इंदापूर परिसरातील शेते व माळराने पाहुण्या पक्ष्यांनी भरून जातात. उत्तरेकडून आलेले भारीट कणसांवर थव्याने उतरतात, ओलिताच्या कडेच्या झुडपांत शंकर पक्षी निळा गळा दाखवून क्षणात दडतो आणि पहाटे चंडोलाचे गाणे ऐकताना थंडीचा विसर पडतो.

याच काळात येणारे आखूड कानाचे घुबड मात्र झाडावर नव्हे, तर गवतात जमिनीवरच विसावते. छायाचित्रासाठी त्याच्यामागे गाड्या पळवून त्याला वारंवार उडवले जाते, हे मी यंदा स्वतः पाहिले आणि फार वाईट वाटले. उंदीर खाऊन शेतकऱ्याला मदत करणाऱ्या या पक्ष्याला दिवसाची विश्रांती मिळायलाच हवी.

हौशी मंडळींनी गाडी रस्त्यावरच ठेवावी, दुर्बिणीतून दुरून पाहावे, शेतमालकाची परवानगी घेतल्याशिवाय पिकात शिरू नये आणि घुबडाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. शेतकरी बांधवांनाही विनंती, की बांधावरचे वाळके गवत निदान फेब्रुवारीअखेरपर्यंत पेटवू नये.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक, पुणे