गावाच्या अहवालात पाण्याचा हिशोब पहिला हवा : ग्रामविकासमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास व पंचायतराज मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

ग्रामसभेत दरवर्षी गावाच्या कामांचा अहवाल वाचला जातो. ग्रामसेवक (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात मात्र ते अजून भाऊसाहेबच आहेत) कागद काढतात आणि वाचू लागतात : अमुक वस्तीत पेव्हिंग ब्लॉक, चौकात हायमास्ट, शाळेला संरक्षक भिंत, स्मशानभूमीत शेड, ओढ्यावरच्या बंधाऱ्याची दुरुस्ती. प्रत्येक कामापुढे खर्चाचा आकडा. पुढच्या वर्षाच्या आराखड्यातही बहुतेक तीच कामं, फक्त वस्त्यांची नावं बदललेली. ही कामं नकोत असं मी म्हणणार नाही. चिखल तुडवत शाळेला जाणाऱ्या पोरांच्या आयांना रस्त्याची किंमत चांगली ठाऊक आहे. पण आमच्या नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात गावाचं वर्ष कसं गेलं, हे एप्रिलमध्ये विहिरीला किती पाणी होतं त्यावर ठरतं. आणि ती एक ओळ अहवालात नसते.

आपण माण-खटावचे. टँकर म्हणजे काय आणि चारा छावणी म्हणजे काय, हे आम्ही आपल्याला सांगायला नको. आपल्याच माण तालुक्यातल्या टाकेवाडीने 2018 साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिला नंबर काढला, तेव्हा तिथल्या माणसांनी उन्हात किती माती उपसली असेल हेही आपण जाणता. म्हणूनच हे पत्र आपल्या नावे लिहितोय.

माझं मागणं एकच आहे. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, विकास आराखडा मंजूर होण्याआधी, त्या वर्षीच्या पाण्याचा ताळेबंद वाचला जावा. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, विहिरींना किती पाणी आहे, त्यातून माणसांना आणि जनावरांना उन्हाळ्यापर्यंत किती लागेल, आणि उरलेल्यात रब्बीची कोणती पिकं किती एकरावर बसतील. हे वाचून झाल्याशिवाय पुढचा विषय घेऊ नये.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. आमच्याच तालुक्यातलं हिवरे बाजार अनेक वर्षांपासून हे करतंय. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा ते गाव आसपासच्या इतर गावांसारखंच होतं. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, कर्ती माणसं कामाच्या शोधात बाहेर. पुढे आदर्श गाव योजनेत पाणलोटाची कामं झाली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, गवत वाढलं, दूध वाढलं, गेलेली कुटुंबं परत आली. पवारांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सहलीला येणारे लोक समतल चर बघतात, बंधारे बघतात, फोटो काढतात. पण त्या गावाची खरी कमाई चरांच्या पुढची आहे. पाऊस संपला की गाव बसतं आणि पाण्याचा हिशोब करतं.

हिशोब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. हिवरे बाजारचं क्षेत्र साधारण 976 हेक्टर. म्हणजे 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर शिवारावर 97 कोटी 60 लाख लिटर पाणी पडलं. त्यातलं काही वाहून गेलं, काही उडून गेलं, काही मातीच्या ओलीत राहिलं, काही खाली खडकात गेलं. प्रत्येकाचा अंदाज काढता येतो. मग खर्चाची बाजू. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरं, मग पिकं. पाऊस बरा झाला असेल तर रब्बी मोकळ्या हाताने, कमी झाला असेल तर गहू-कांद्यासारख्या जास्त पाण्याच्या पिकांचं क्षेत्र घटवायचं आणि कमी पाण्यावर निघणाऱ्या पिकांकडे वळायचं. ऊस आणि केळी त्या शिवारात नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. या गोष्टी कुणी अधिकाऱ्याने लादलेल्या नाहीत, ग्रामसभेने ठरवल्या आणि ग्रामसभेनेच पाळल्या.

इथेच खरी अडचण आहे, मंत्रिमहोदय. बंधारा बांधायला सगळे हात वर करतात. यंदा गहू करू नका, असं शेजाऱ्याला तोंडावर सांगायला कुणी उठत नाही. श्रमदानापेक्षा हे काम कितीतरी जड आहे. ज्याची विहीर चांगली, त्याचा तोटा होतो. ज्याला विहीरच नाही, त्याला वाटतं माझा काय संबंध. म्हणून हे काम एकट्या सरपंचाच्या भरवशावर सोडता येत नाही. त्याला पाच वर्षांनी त्याच लोकांपुढे जायचं असतं. त्याच्या पाठीशी शासनाचा नियम उभा राहिला, तर त्याला निदान एवढं म्हणता येईल की हिशोब वाचावाच लागतो, आता काय करायचं ते तुम्ही ठरवा.

नुसत्या कामांच्या मोजणीने काय होतं, ते आपण पाणी अडवण्याच्या जलयुक्त शिवार योजनेत पाहिलं. योजनेचा हेतू चांगला होता आणि अनेक गावांत चांगली कामं झाली, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तरी 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असं महालेखापरीक्षकांनी 2020 मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात नोंदवलं. त्यावर पुष्कळ राजकारण झालं. मला त्यातून एकच गोष्ट उचलायची आहे. पाणी अडवण्याचे आकडे ठेवले गेले, उपशाचे कुणी ठेवलेच नाहीत. नाला खोल झाला, विहिरीला दोन महिने जास्त पाणी राहिलं, आणि त्या पाण्याच्या भरवशावर दुसऱ्याच वर्षी शिवारात ऊस उभा राहिला. बाकीच्यांनी बोअर घेतले. मुरलेलं पाणी उन्हाळ्याच्या आत संपलं.

आपला खडकही या बाबतीत मेहरबान नाही. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बसाल्टचा आहे. वरच्या कुजलेल्या थरात, मुरमात आणि भेगांत जे काही मावतं तेवढंच आपलं पाणी. आमच्या भागात आता पाचशे, सातशे फुटांपर्यंत बोअर जातात. इतक्या खाली पाणी लागलंच, तर ते पुष्कळदा जुन्या काळापासून साठलेलं असतं, किंवा शेजाऱ्याच्या विहिरीखालून ओढलेलं. वर ते पाणी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरून ठेवतात. पाऊस धरण्यासाठी शासनाने अनुदान दिलेलं तळं जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात वाळवायच्या कामी येतं. हे सगळ्यांना दिसतं आणि ग्रामसभेत कुणी बोलत नाही, कारण तो विषय विषयपत्रिकेवर नसतो.

कायदा आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 चा, अंमल 2014 पासून. त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. 60 मीटर म्हणजे दोनशे फूटही नाही. आमच्याकडे बोअरची गाडी बोलावणाऱ्याला हा आकडा ऐकूनही ठाऊक नाही.

ताळेबंद सक्तीचा केला तर गावोगाव कागदी ताळेबंद तयार होतील, ही शंका आपले अधिकारी काढतील. शंका रास्त आहे. शेजारच्या गावाचा तक्ता उतरवून संगणकावर चढवायला कितीसा वेळ लागतो? म्हणून हिशोब लोकांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवा. प्रत्येक गावात स्वतःचं पर्जन्यमापक असावं. आज महसूल मंडळाच्या (म्हणजे अनेक गावांच्या गटाच्या) मुख्य गावात पडलेला पाऊस आमच्या नावावर लागतो, आणि मंडळाच्या गावी धो-धो पडून आमच्याकडे शिंतोडेही नाहीत असं कितीदा तरी होतं. मापक शाळेत ठेवा, पोरं रोज सकाळी नोंद करतील आणि फळ्यावर लिहितील. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. तसंच गावातल्या पाच-सहा विहिरी निवडून, सगळ्यांसमोर दोरी सोडून मोजाव्यात आणि पातळी चावडीच्या भिंतीवर रंगवावी. भिंतीवरचा आकडा खोटा असेल, तर त्या विहिरीचा मालकच पहिला भांडायला येईल.

पैशांचाही मोठा प्रश्न नाही. पंधराव्या वित्त आयोगाने गावांना दिलेल्या एकूण निधीतला 30 टक्के हिस्सा पिण्याचं पाणी आणि पाऊसपाणी साठवणीसाठी राखला होता. मापक आणि दोरी यांना लाखो रुपये लागत नाहीत. लागतो तो हिशोब शिकवणारा माणूस, तोही कायमचा. अटल भूजल योजनेत आपल्या राज्यातल्या निवडक गावांनी पाण्याचे ताळेबंद केले, तिथे शिकलेली माणसं आहेत. योजनेची मुदत संपली म्हणून ती माणसं घरी बसू नयेत. त्यांना शेजारच्या गावांत पाठवा.

भूमिहीनांबद्दलही बोललंच पाहिजे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर ठरला नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरला, आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क मानला गेला. पन्नास वर्षं होऊन गेली. ग्रामसभेत ताळेबंद वाचला जाईल तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या मजूर बायांनाही विचारता यावं की त्यातलं आमचं किती.

17 सप्टेंबर 2025 पासून आपण मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू केलंत. जलसमृद्ध, स्वच्छ व हरित गाव हा त्यातला एक घटक. या घटकाचे गुण देताना किती बंधारे झाले यापेक्षा मे महिन्यात विहिरींना किती पाणी राहिलं, टँकर लागला की नाही, आणि पाऊस कमी पडलेल्या वर्षी गावाने पिकांत बदल केला का, हे बघावं. पहिलं बक्षीस मिळवण्यासाठी गावं जीव तोडून कामाला लागतात, हे आपण माणमध्ये पाहिलंच आहे.

ताळेबंदाचा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आणण्यासाठी नवा कायदा लागणार नाही, आपल्या विभागाचं एक परिपत्रक पुरेल. ते 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी, निदान महिनाभर तरी आधी निघावं, म्हणजे गावांना विहिरी मोजायला वेळ मिळेल. पहिल्या वर्षी फक्त टँकरग्रस्त तालुक्यांना लागू केलं तरी चालेल. आमचा तालुका त्यात घ्या.

आपला विश्वासू,
नगर तालुक्यातील एक शेतकरी